म्हातारा कोणाला म्हणता राव!

हा पार बघताय ना, संध्याकाळी पाच वाजले की इथं काठ्या टेकत चार-पाच जण येऊन बसतात. आज आम्ही कॅमेरा लावला आणि सरळच विचारलं, काका, तुम्हाला म्हातारं म्हटलेलं चालतं का? एकजण हसले, एकांनी तोंड फिरवलं, आणि तिसरे म्हणाले, "म्हातारा असेल तुझा बाप!"

म्हणजे शब्द झोंबतो. पण गंमत अशी की हाच शब्द हजार-बाराशे वर्षांपूर्वी कोणी लावला असता तर माणूस छाती फुगवून गावभर फिरला असता.

राष्ट्रकूट राजांचे ताम्रपट आहेत, तांब्याच्या जाड पत्र्यांवर कोरलेली दानपत्रं. राजा एखादं गाव दान देतो आणि ते कोणाकोणाला कळवतो त्याची यादीच येते, राष्ट्रपती (म्हणजे तेव्हाचा प्रांताचा प्रमुख, आजचे राष्ट्रपती नव्हेत), विषयपती (विषय म्हणजे तेव्हाचा जिल्हा बरं का, शाळेतला विषय नाही), मग ग्रामकूट म्हणजे गावचा प्रमुख, आणखी दोन-तीन अधिकारी आणि शेवटाकडे 'महत्तर'. महत् म्हणजे मोठा, महत्तर म्हणजे जास्त मोठा, गावातली वजनदार माणसं, ज्यांच्या शब्दावर तंटे मिटायचे. हा महत्तर लोकांच्या तोंडात घोळत घोळत झाला म्हातारा. कारभार पाहणारी माणसं बहुतेक वयस्कर, त्यामुळे हळूहळू कारभार गळून पडला आणि उरलं फक्त वय.

पण कोकणपट्टीत मानाचा धागा तुटला नाही. रायगड, ठाण्याकडे म्हात्रे आडनाव घरटी सापडेल, ते पण याच महत्तरातून आलेलं. म्हणजे कॉलेजात पहिल्या बाकावर बसलेला अठरा वर्षांचा म्हात्रे आणि पारावरचे हे काका, शब्दाच्या हिशोबानं दोघं सख्खे भाऊ!

आता त्याहून वाईट शिवी घ्या. थेरडा. सासू-सुनेच्या भांडणात 'थेरडी' आली की समजायचं आता मिटत नाही. या शब्दाचं मूळ मला कळलं तेव्हा मी खरंच दोन मिनिटं गप्प बसलो होतो. मूळ शब्द संस्कृत स्थविर. ऋग्वेदात तो इंद्राला लावलाय, अर्थ काय तर भक्कम, बळकट, पाय रोवून उभा असलेला. पुढे बौद्ध संघात पाली भाषेत त्याचा 'थेर' झाला. दीक्षा घेऊन दहा वर्षं पुरी झाली की भिक्खू थेर म्हणवला जातो, म्हणजे तिशीतला माणूससुद्धा थेर असू शकतो, वयाचा प्रश्नच नाही. थेरवाद या बौद्ध पंथाचं नाव त्यातलंच, श्रीलंकेत, म्यानमारमध्ये, थायलंडमध्ये आजही तो शब्द हात जोडून घेतला जातो. लांब कशाला, बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीच्या लेण्यांत जा, तिथं भिंतीवर कोरलेल्या ब्राह्मी लेखात थेर आहेत. आणि तिथून खाली उतरून लोकलमध्ये बसलं की त्याच शब्दाला 'डा' चिकटवून आपण कोणाच्या तरी अंगावर फेकतो. तो 'डा' फार वाईट आहे बघा, कशालाही लावला की किंमत उतरवतो.

वृद्ध शब्द त्या मानानं बरा राहिला, कारण तो पुस्तकात राहिला. घरात कोण म्हणतं, आमच्याकडे दोन वृद्ध आहेत म्हणून? वृध् म्हणजे वाढणे. वृद्ध म्हणजे वाढलेला. वाढदिवसातली वाढ, ताटात वाढायचं ते वाढणं, सगळं एकाच मुळाचं. प्राकृतात त्याचं झालं वुड्ढ, बुड्ढ आणि मग बुढा. पुण्यात कोणाला बुढा म्हणून बघा, कानाखाली बसेल. विदर्भात मात्र पोरगं आरामात सांगतं, "आमचा बुढा वावरात गेला हाये," म्हणजे बाप गेलाय शेतात, त्यात अपमान नाही, उलट जीव आहे.

नात्यात शिरले ते शब्द टिकले असं मला वाटतं. आजा आला आर्यक वरून, आर्य म्हणजे मान्यवर, आणि आर्यकुलाचं झालं आजोळ. त्याला कोणी हात लावला नाही. फक्त भाजीवाल्यानं पंचावन्नच्या बाईला "आजी, मेथी घ्या" म्हणायचं नाही, ती पुढच्या गाड्यावर जाते.

मग सरकारी शब्द आला, ज्येष्ठ नागरिक. सिनियर सिटिझनचं हे मराठी, २००७ च्या कायद्यानुसार वय ६० झालं की तुम्ही त्यात. ऐकायला कसा गुळगुळीत आहे ना? आणि व्याकरण उघडलं तर पाणिनी सांगतो की वृद्ध शब्दाला 'सगळ्यात' असा अर्थ लावायचा असेल तर वृद्धच्या जागी 'ज्य' येतो आणि होतो ज्येष्ठ. घ्या! वृद्ध नको म्हणून पळालो आणि 'सगळ्यात वृद्ध'पाशी जाऊन थांबलो. इंग्रजी सिनियर पण तसाच, लॅटिनमध्ये म्हाताऱ्याला सेनेक्स, आणि महत् चं महत्तर तसं सेनेक्सचं 'जास्त म्हातारा' म्हणजे सिनियर. विद्यापीठाची सिनेट त्यातलीच, आणि मास्तरांना आपण जे 'सर' म्हणतो तेही सिनियरच झिजून झालेलं. आपल्या सनातनमधला 'सन' म्हणजे जुना, तो या सेनेक्सचा चुलतभाऊ लागतो.

परवा एसटीनं येत होतो. २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट आहे, योजनेचं नाव अमृत ज्येष्ठ नागरिक. कंडक्टर मशीन घेऊन मागच्या सीटपासून निघाला आणि ओरडला, "अमृत किती आहेत? अमृत हात वर करा!" चार हात वर गेले. माझ्या शेजारच्या आजींनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेलं आधार कार्ड काढलं, पण हात काही वर केला नाही. कंडक्टर जवळ येऊन म्हणाला, "काय आजी, अमृत ना?"

आजी म्हणाल्या, "अमृत असशील तू. मला तिकीट दे."