गाडी डावीकडेच का जाते?

(दृश्य: फरशीवर काळी चिकटपट्टी, त्यावर छोटी गाडी)

दोन पिवळ्या बीओ मोटरी (बॅटरीवर चालणाऱ्या, दातऱ्यांची डबी म्हणजे गिअरबॉक्स जोडलेल्या), चार सेल, मोटरींना वीज पुरवणारा एक ड्रायव्हर बोर्ड. सोडली, की हातभर सरळ जाते आणि डावीकडे कलते. पुन्हा सोडली. पुन्हा तेच.

पोरांचा पहिला संशय बोर्डावर. म्हणून दोन्ही मोटरींच्या वायरी बोर्डावर अदलून-बदलून लावल्या. दोष बोर्डाचा असता, तर गाडी आता उजवीकडे गेली असती. नाही गेली. डावी मोटरच मागे पडतेय.

(दृश्य: मल्टीमीटर, जवळून)

करंट मोजायचा, तर व्होल्टेजसारखं दोन टोकांना टेकवून भागत नाही. वायर सोडवायची आणि मीटर मध्ये घालायचा. लाल वायर कुठल्या भोकात आहे, ते नीट बघा. नेहमीच्या भोकात राहिली, तर मोटर सुरू होतानाच्या झटक्यात आतला २०० मिलिअँपिअरचा फ्यूज जातो. आमचा एक गेला. कॅमेरा तेव्हा बंद होता, बरंच झालं. म्हणून १० अँपिअरचं भोक.

चाक हवेत. उजवी मोटर: ०.१५ अँपिअर. डावी: ०.३१.

डीसी मोटरला जितका जोर लावावा लागतो, तितका करंट ती ओढते. हवेतल्या चाकाला ओझं कसलं? घर्षणाचं. म्हणजे डावीकडे काहीतरी घासतंय, आणि नवी मोटर मागवण्याआधी ते शोधायला दहा मिनिटं पुरतात.

(दृश्य: पारदर्शक पट्टी निघते)

ही पट्टी काढली, की गिअरबॉक्स गाडीला तसाच राहतो आणि नुसती मोटर हातात येते. ती फिरवली. करंट उजव्या मोटरीइतकाच. म्हणजे मोटरीतले बुश (दांड्याचा आधार) आणि ब्रश (फिरत्या भागाला वीज पोचवणारे), दोन्ही संशयातून सुटले. उरला गिअरबॉक्स.

तेलाची बाटली घेऊन एक हात पुढे येतोय. थांब रे! ते तेल ओघळून ब्रशपर्यंत गेलं, तर चांगली मोटर बिघडेल.

(दृश्य: बोल्ट, अगदी जवळून)

हे बघा. गिअरबॉक्स धरणारा लांब बोल्ट इतका आवळलाय, की प्लास्टिक आत दबलंय. दातऱ्यांना हलायला जागाच नाही. मोटर पुन्हा बसवली, चालू केली. आता स्क्रूड्रायव्हर अर्धा फेरा उलटा. आकड्यावर नजर ठेवा: ०.३१... ०.२२... ०.१६.

याच लक्षणापायी याआधी दोन मोटरी कचऱ्यात गेल्या.

(दृश्य: काळी पट्टी. गाडी सुटते. निवेदन नाही.)