२५ एप्रिल १९७४ : कॅप्टनांचा उठाव

पोर्तुगालची हुकूमशाही उलथवली ती कॅप्टन आणि मेजर हुद्द्याच्या अधिकाऱ्यांनी. आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींत, म्हणजे अंगोलात १९६१ पासून, गिनीत १९६३ पासून आणि मोझांबिकमध्ये १९६४ पासून, स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांविरुद्ध चाललेल्या युद्धांत तुकड्या घेऊन जंगलात उतरायचं ते यांनीच. जुलै १९७३ मध्ये सरकारने हुकूम काढला : अल्पमुदतीच्या अधिकाऱ्यांनी छोटा अभ्यासक्रम केला की त्यांना कायम सेवेत घेणार. कायम अधिकाऱ्यांची ज्येष्ठता धोक्यात आली, गुप्त बैठका सुरू झाल्या. बढतीची तक्रार काही महिन्यांतच राजवटीपर्यंत येऊन भिडली, कारण युद्ध थांबवायचं तर राजवट जायलाच हवी होती.

१६ मार्च १९७४ ला काल्दास द राइन्याची पलटण एकटीच लिस्बनकडे निघाली. बाकी कोणी हललं नाही, उठाव फसला. म्हणून पुढच्या आराखड्यात मेजर ऑतेलू साराइवा द कार्वाल्यु यांनी सर्वाधिक भर दिला तो सगळ्यांनी एकाच वेळी निघण्यावर.

इशारे दोन ठरले. २४ एप्रिलला रात्री १०:५५ ला एका रेडिओवर ठरलेलं गाणं : तयार राहा. या केंद्राचा पल्ला लिस्बन परिसरापुरताच होता. दुसरा इशारा मध्यरात्रीनंतर १२:२० ला, देशभर ऐकू जाणाऱ्या रेडिओ रेनासेन्सावर, 'ग्रांदोला, व्हिला मोरेना'. ते वाजलं की माघार नाही. पहाटेपर्यंत रेडिओ, दूरचित्रवाणी आणि विमानतळ ताब्यात आले.

सांतारेंच्या घोडदळ प्रशालेतून कॅप्टन साल्गेइरू माइया सुमारे २४० जवान आणि जुनी चिलखती वाहनं घेऊन निघाले आणि सकाळी सहाच्या सुमारास मंत्रालयांच्या चौकात पोहोचले. समोर आले सरकारचे एम-४७ रणगाडे. त्यांच्यापुढे माइयांच्या गाड्यांचा निभाव लागणं अवघड होतं. हातात पांढरा रुमाल आणि खिशात हातबॉम्ब घेऊन माइया बोलणी करायला पुढे गेले. ब्रिगेडियरने गोळीबाराचा हुकूम दिला. एका तरुण अधिकाऱ्याने तो साफ नाकारला, त्याला अटक झाली. मग हुकूम गेला रणगाड्यातल्या कॉर्पोरलकडे. त्याने आत शिरून झाकण लावून घेतलं आणि तोफ डागलीच नाही. ताग्युस नदीतल्या फ्रिगेटनेही चौकावर मारा केला नाही. उठाव इथेच जिंकला गेला, असं आमचं ठाम मत आहे : हुकूम सुटले, ते पाळणारे हात मिळाले नाहीत.

लोकांनी घरीच थांबावं, अशी विनंती रेडिओवरून वारंवार होत होती. लोक तरीही रस्त्यावर आले आणि बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुलं खोचली गेली. पंतप्रधान मार्सेलू काएतानू कार्मु बराकीत अडकले होते. बराकीला वेढा घालून माइयांनी शरण येण्यासाठी मुदत दिली, मग इमारतीच्या दर्शनी भागावर गोळ्या झाडायला लावल्या. संध्याकाळी काएतानूंनी, आफ्रिकेतल्या युद्धांवर जाहीर टीका केलेल्या जनरल स्पिनोलांकडे सत्ता सोपवली.

गुप्त पोलिसांचं मुख्यालय मात्र वेळेत ताब्यात घेतलं गेलं नव्हतं. आराखड्यातली ही उणीव महागात पडली. संध्याकाळी त्याच इमारतीतून जमावावर गोळ्या सुटल्या, चौघे ठार झाले. ते पोलीस शरण आले दुसऱ्या दिवशी, २६ एप्रिलच्या सकाळी.