पेन्शनचा आकडा आपल्या हाताने काढा

(दारव्हा तालुक्यात निवृत्तीजवळ आलेल्या कर्मचाऱ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. समोर गुरुजी बसले आहेत, ग्रामसेवक आहेत, उपकेंद्रावरच्या सिस्टर आहेत, तहसीलमधले बाबू आणि चालक भाऊ आहेत. कोणाला निवृत्तीला सात वर्षे आहेत, कोणाला दोन. माझी सगळी नोकरी लेखा शाखेत गेली, आणि त्यातली बरीच वर्षे पेन्शनची प्रकरणे तपासण्यात. त्या अनुभवावरून तुमच्याकडून आज एकच काम करून घ्यायचे आहे. आपली पेन्शन किती बसेल हे प्रत्येकाने स्वतः, कागद-पेन घेऊन काढायचे. मागच्या वर्षी निवृत्त झालेल्या मित्राला किती मिळाली, यावरून अंदाज बांधायचा नाही.

सुरुवात निवृत्तीच्या तारखेपासून करा. चतुर्थ श्रेणीला ६० आणि बाकीच्या बहुतेकांना ५८ वर्षे पूर्ण होतात त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती. पण जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल, तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. आपल्याकडे त्या पिढीत जन्मतारीख घरी कोण लिहून ठेवत होते? मिरगाच्या आगेमागे झाला, एवढे मायला आठवे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १० जून, १ जुलै अशी जवळची तारीख टाकून दिली. त्यामुळे आपल्या तालुक्यांत ३० जूनला निवृत्त होणारे फार. १ जुलैची वेतनवाढ त्यांच्या हातून एका दिवसाने निसटायची. सर्वोच्च न्यायालयाने ११ एप्रिल २०२३ च्या निकालात वर्षभराच्या सेवेची ती वेतनवाढ नाकारता येणार नाही असे सांगितले, आणि राज्याच्या वित्त विभागानेही त्याच वर्षी काल्पनिक, म्हणजे फक्त पेन्शनच्या हिशेबापुरती, वेतनवाढ धरण्याचा निर्णय काढला. मूळ वेतन ६६,००० असेल तर पुढचा टप्पा ६८,००० चा. म्हणजे पेन्शनीत महिन्याला हजाराचा फरक, त्यावर महागाई भत्ता वेगळा, आणि तोही आयुष्यभर. तुमची तारीख ३० जून असेल तर ही वेतनवाढ प्रकरणात धरली आहे का, हे स्वतः विचारा.

आता हिशेब. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्यांना १९८२ चे निवृत्तिवेतन नियम लागू. किमान १० वर्षांची अर्हताकारी, म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी, सेवा हवी, आणि पूर्ण पेन्शन शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी. मूळ वेतन ६६,००० तर पेन्शन ३३,०००. त्यावर महागाई. महागाईचा दर जानेवारी आणि जुलैपासून बदलतो, म्हणून हिशेबाच्या सोयीसाठी ५० टक्के धरू; घरी करताना त्या दिवशीचा चालू दर टाका. ३३,००० वर १६,५००. एकूण ४९,५००.

इथपर्यंत सगळ्यांना पटते. पगार वेतन आणि महागाई मिळून ९९,००० होता, त्याच्या निम्मे मिळणार, चला ठीक. पण घरी जो आकडा येतो तो हा नसतो. घरभाडे, प्रवासभत्ता बंद होतो. उलट बाजूला भविष्य निर्वाह निधीची कपात आणि व्यवसाय कर बंद होतो, हेही लिहा. पतसंस्थेचा हप्ता मात्र बंद होत नाही, तो पेन्शनमधून भरावा लागतो. आणि सगळ्यात मोठा फरक पडतो तो पेन्शन विकल्यामुळे.

नियमाच्या भाषेत हे अंशराशीकरण. पेन्शनच्या ४० टक्क्यांपर्यंतचा भाग शासनाला देऊन त्याची एकरकमी किंमत घ्यायची, आणि १५ वर्षांनी तो भाग परत सुरू होतो. ३३,००० चे ४० टक्के म्हणजे १३,२००. वर्षाचे १,५८,४००. ५८ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला पुढच्या वाढदिवसाचे वय ५९ धरून तक्त्यातला गुणक ८.३७१ लागतो. रक्कम झाली १३,२५,९६६. ही रक्कम करमुक्त आहे. आता महिन्याची पेन्शन उरली १९,८००. महागाई मात्र मूळ ३३,००० वरच मिळते, म्हणजे १६,५००. हातात ३६,३००.

भत्ते धरून एक लाखाच्या वर पगार घेणाऱ्या घरात पुढच्या महिन्यापासून ३६,३०० येणार. घरातल्या सगळ्यांनी हा आकडा निवृत्तीच्या आधी डोळ्यांखालून घालावा, म्हणून मी इथे थांबलो.

आता पाहा, १३,२०० दर महिन्याला, १५ वर्षे, म्हणजे १८० महिने. एकूण २३,७६,००० तुम्ही सोडता आणि आज १३,२५,९६६ घेता. व्याजाचा दर काढला तर साधारण पावणेनऊ टक्के पडतो. म्हणजे पेन्शन विकणे हे पावणेनऊ टक्क्यांनी घेतलेले कर्ज आहे. त्याला एक मोठी सवलत आहे: पेन्शनर मधेच वारला तर उरलेले हप्ते घरच्यांकडून वसूल होत नाहीत, कुटुंब निवृत्तिवेतन त्यामुळे कमी होत नाही. तब्येत नाजूक असलेल्याने हे ध्यानात घ्यावे. पतसंस्थेचे किंवा सावकाराचे त्याहून चढ्या व्याजाचे कर्ज डोक्यावर असेल, तर विकून ते आधी फेडावे, माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे. पण विकून आलेले पैसे बँकेत मुदत ठेवीत टाकणारे कितीतरी लोक मी पाहिले. पावणेनऊने घ्यायचे आणि त्याहून कमी व्याजाने ठेवायचे, यात घरचा पैसा जातो. आणि वावर घेतो, विहीर खोदतो, पोरीचे लग्न करतो म्हणून विकणाऱ्यांना माझी एवढीच विनंती: ४० टक्के ही कमाल मर्यादा आहे, सक्ती नाही. २० टक्के विका. ६,६०० कमी होतील, ६,६२,९८३ मिळतील, आणि हातात ४२,९०० राहतील. निवृत्तीनंतर वर्षाच्या आत अर्ज केला तर वैद्यकीय तपासणी लागत नाही. म्हणजे पहिल्या दिवशी घाईने सही करायचे कारणच नाही. एकदा विकली की निर्णय फिरवता येत नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

उपदान, रजा आणि निधी यांचे थोडक्यात सांगतो. उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, सेवेच्या दर वर्षाला अर्ध्या महिन्याचे वेतन, जास्तीत जास्त साडेसोळा महिने. हिशेब जपून करायचा तर मूळ वेतनावरच धरा: ३० वर्षांना ६६,००० चे १५ पट, ९,९०,०००. कमाल मर्यादा १ सप्टेंबर २०२४ पासून १४ लाखांवरून २० लाख झाली आहे. शिल्लक अर्जित रजेचे पैसे मिळतात, जास्तीत जास्त ३०० दिवसांचे. २०० दिवस शिल्लक असतील तर वेतन आणि महागाई मिळून दिवसाचे ३,३००, म्हणजे ६,६०,०००. दीर्घ सुट्टी घेणाऱ्या गुरुजींनी हा आकडा न पाहता धरू नये, आधी आपल्या रजा खात्यावर काय आहे ते बघावे. भविष्य निर्वाह निधीची शिल्लक दरवर्षीच्या पावतीवर असते.

हे सगळे आकडे ज्या कागदावर उभे आहेत तो म्हणजे सर्व्हिस बुक, आपल्या सगळ्या नोकरीच्या नोंदींचे पुस्तक. हिशेबात चूक क्वचितच होते. चूक असते ती पुस्तकात.

एका सिस्टरचे पुस्तक मला आठवते. पहिल्या पानावर माहेरचे नाव, मधल्या पानांवर सासरचे, आणि नावात बदल झाल्याची नोंद कुठेच नाही. नेमणूक लग्नाआधीची, म्हणून नामनिर्देशन वडिलांच्या नावाने, आणि वडील वारून बरीच वर्षे झालेली. आंतरजिल्हा बदलीच्या वर्षी वेतनवाढीची नोंद नव्हती. वेतनवाढ मिळाली होती, पगारपत्रकात होती, पुस्तकात मात्र ती ओळ कोरी. एका प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या काळाच्या सेवा पडताळणीखाली सहीच नव्हती. बाईंनी निवृत्तीच्या चार वर्षे आधी पुस्तक मागून पाहिले म्हणून बरे. जुनी पगारपत्रके निघाली, नोंदी झाल्या, निवृत्तीच्या महिन्यानंतर लगेच पेन्शन सुरू झाली. हेच शेवटच्या तीन महिन्यांत कळले असते, तर ज्या कार्यालयातला दप्तर सांभाळणारा बाबूच बदलून गेला, तिथे जाऊन काय मागणार होत्या?

म्हणून पुस्तक उघडल्यावर हे पाहा. प्रत्येक वेतनवाढ चढली आहे का. पाचव्या, सहाव्या, सातव्या वेतन आयोगाची वेतननिश्चिती तपासली गेली आहे का. शिक्षकांची १२ वर्षांची वरिष्ठ श्रेणी आणि २४ वर्षांची निवड श्रेणी, इतरांचे आश्वासित प्रगतीचे (पदोन्नती न मिळता वरची वेतनश्रेणी देणारे) लाभ कोणत्या तारखेपासून दिले. असाधारण रजा आणि निलंबनाचा काळ कसा धरला. विनावेतन गेलेले महिने पेन्शनच्या सेवेतून वजा होऊ शकतात, तेव्हा त्यांचा आदेश शोधून ठेवा. राज्य शासनाच्या मंडळींची वेतननिश्चिती अमरावतीचे वेतन पडताळणी पथक तपासते आणि प्रकरण नागपूरच्या महालेखापाल कार्यालयात जाते. जिल्हा परिषदेच्या मंडळींचे प्रकरण परिषदेच्या वित्त विभागातूनच निघते. कुठेही जावो, त्रुटी लागून परत आलेले प्रकरण महिनोन् महिने फिरते. नियमाने तयारी निवृत्तीच्या दोन वर्षे आधी सुरू व्हायची असते आणि कागद सहा महिने आधी पुढे जायचे असतात.

वेतननिश्चिती चुकली असेल तर अतिप्रदानाची, म्हणजे जादा दिल्या गेलेल्या पगाराची, वसुली निघते, आणि तेव्हा माणूस कोसळतो. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ ला रफिक मसीह प्रकरणात सांगितले की वर्ग ३ आणि ४ च्या कर्मचाऱ्यांकडून, तसेच निवृत्त झालेल्या किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून अशी वसुली करू नये. पण २०१६ च्या जगदेव सिंग निकालाने जादा रक्कम परत करीन असे वचनपत्र देणाऱ्याला ते संरक्षण काढून घेतले, आणि आयोगाच्या वेळी असे वचनपत्र आपण अनेकांनी लिहून दिले आहे. तेव्हा निकालाच्या भरवशावर बसू नका, चूक आजच शोधा. आज सापडली तर रक्कम पगारातून हळूहळू कापून जाईल, उपदानातून एकदम जाणार नाही.

तरुण मंडळींसाठी थोडे. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांचे खाते प्राण क्रमांकाचे, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेचे. तुमचे १० टक्के, शासनाचे १४. निवृत्तीला किमान ४० टक्के रक्कम वार्षिकीत, म्हणजे नियमित पेन्शन देणाऱ्या योजनेत, बाकी एकरकमी. ज्यांची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची होती त्यांना २ फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयाने जुन्या योजनेचा विकल्प मिळाला. मार्च २०२३ च्या संपानंतर राज्याने सुधारित योजनाही आणली आहे. आपण कोणता विकल्प दिला, त्याची पोच जपून ठेवा. आणि सुरुवातीच्या वर्षांतली प्रत्येक कपात खात्यात आली का, हे महिन्यागणिक जुळवा. न आलेल्या हप्त्यावर परतावाही येत नाही.

आता शेवटचा आकडा, जो बहुतेक जण काढतच नाहीत. आपल्या माघारी घरच्यांना काय मिळणार? सुरुवातीची काही वर्षे जादा दराने, आणि नंतर शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के. ६६,००० चे १९,८००, त्यावर महागाई ९,९००, एकूण २९,७००. गावोगाव असे दिसते की मालक गेल्यावर बाईला बँकेचे नावही माहीत नसते. जोडीदाराचे नाव सर्व्हिस बुकात, आधारवर आणि बँकेत एकाच पद्धतीने लिहिलेले असावे. खाते दोघांचे असावे. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायला जाताना त्यांना सोबत न्या, कोणत्या खिडकीवर जायचे ते दाखवा. आज रात्री जेवण झाल्यावर कागद घेऊन दोघे बसा आणि पाचही आकडे लिहा: पेन्शन, विकल्यानंतरची पेन्शन, उपदान, रजा, कुटुंब निवृत्तिवेतन.

आता प्रश्न घेऊ. ज्यांनी सर्व्हिस बुकाची झेरॉक्स आणली आहे त्यांनी या टेबलाजवळ या, सिस्टर मंडळींपासून सुरुवात करू.