साडेतीन मिलिमीटरची भिंत

(दृश्य: पांढऱ्या कापडावर ठेवलेला इंधनाचा नवा बंडल. शेजारी फूटपट्टी.)

लांबी जेमतेम अर्धा मीटर. एकोणीस बारीक नळ्या, दोन्ही टोकांना जाळीदार चकत्या, वजन साडेसोळा किलोच्या आसपास. नळ्यांमध्ये युरेनियम डायऑक्साइडच्या काळ्या गोळ्या एकामागे एक भरलेल्या आहेत. 220 मेगावॅटच्या भारतीय जड पाण्याच्या (ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन असतो) अणुभट्टीत असा एक बंडल सुमारे सहा लाख युनिट वीज देऊन बाहेर पडतो. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या पाचशे घरांची ती वर्षभराची वीज झाली. भट्टीत जाण्याआधी हा बंडल हातमोजे घालून उचलता येतो. बाहेर आल्यावर त्याच्याजवळ माणूस जाऊ शकत नाही. सगळे काम यंत्राने आणि पाण्याखाली करावे लागते.

अणुअभियांत्रिकी म्हटले की डोळ्यांसमोर अणू फुटण्याचे चित्र येते. प्रत्यक्षात या क्षेत्रातल्या संशोधकांचे बरेचसे दिवस धातू, वेल्डिंग, पाण्याची शुद्धता आणि तपासणीची उपकरणे यांच्या संगतीत जातात. त्यासाठी आपण बंडल ज्या नळीत बसतो ती नळी पाहू.

(दृश्य: भट्टीचे छेदचित्र. आडव्या नळ्यांच्या ओळी.)

भट्टीच्या मोठ्या टाकीला कॅलँड्रिया म्हणतात. तिच्यातून 306 आडव्या वाहिन्या जातात. प्रत्येक वाहिनीत आतली प्रेशर ट्यूब आणि बाहेरची कॅलँड्रिया ट्यूब अशा दोन नळ्या असतात. प्रेशर ट्यूबचा आतला व्यास 82.5 मिलिमीटर आणि भिंत साडेतीन मिलिमीटरच्या आसपास. तिच्यात बारा बंडल रांगेने बसतात आणि त्यांच्यावरून सुमारे 290 अंश सेल्सिअसपर्यंत तापणारे जड पाणी प्रचंड दाबाखाली धावते. बाहेरच्या टाकीतले जड पाणी मात्र बरेच थंड आणि जवळजवळ बिनदाबाचे. दोन्ही नळ्यांच्या फटीत कार्बन डायऑक्साइड फिरतो. तो उष्णता अडवतो आणि पहाराही देतो: आतली नळी झिरपू लागली की वायूतली आर्द्रता वाढते आणि दवबिंदू मोजणारे उपकरण इशारा देते.

ही नळी पोलादाची का नाही? युरेनियमचा अणू फोडून साखळी प्रक्रिया चालू ठेवणारे न्यूट्रॉन पोलाद खातो. नैसर्गिक युरेनियममध्ये विखंडनक्षम युरेनियम-235 फक्त 0.7 टक्के असते, तेव्हा एकेक न्यूट्रॉन जपावा लागतो. झिर्कोनियम न्यूट्रॉन फारच कमी शोषतो, म्हणून ट्यूब झिर्कोनियममध्ये अडीच टक्के नायोबियम मिसळून करतात. पण निसर्गात झिर्कोनियमसोबत हाफ्नियम येतो, आणि तो न्यूट्रॉन शेकडो पटींनी जास्त खातो. त्याला जवळजवळ पूर्णपणे वेगळे काढावे लागते. समुद्रकिनाऱ्यावरच्या झिरकॉन वाळूपासून तयार नळीपर्यंतचे हे काम हैदराबादच्या न्यूक्लियर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये चालते.

(दृश्य: प्रयोगशाळा. ऑटोक्लेव्हचे, म्हणजे दाबाखाली वाफ कोंडणाऱ्या भांड्याचे, झाकण आवळले जाते.)

झिर्कोनियम मिश्रधातूंवर काम करणारा विद्यार्थी सुरुवातीलाच गंजण्याची ही चाचणी शिकतो. धातूचा छोटा तुकडा नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या मिश्रणात धुवायचा, पाण्याने स्वच्छ करायचा, वजन करायचे आणि ऑटोक्लेव्हमध्ये 400 अंशांच्या वाफेत 72 तास ठेवायचा. बाहेर काढल्यावर तुकडा काळा आणि चकचकीत दिसला तर ऑक्साइडचा थर घट्ट बसला आहे. पुन्हा वजन करून पृष्ठभागाच्या क्षेत्रफळामागे ते किती वाढले हे काढायचे.

तुकड्यावर पांढरे पट्टे उमटले की मिश्रधातूला दोष द्यायची घाई होते. पुष्कळदा दोष धुण्यात असतो. आम्लातला फ्लोराइड पृष्ठभागावर सुकला की ऑक्साइड सच्छिद्र वाढतो. आम्लातून पाण्यात नेताना काही सेकंद उशीर झाला तरी निकाल बिघडतो. उघड्या बोटांनी तुकडा धरला तर त्याचाही डाग उमटतो. हे बारकावे शिकायला पहिले सहा महिने गेले तरी ते वाया गेले असे समजू नका.

कारण गंजण्यातूनच पुढचा धोका सुरू होतो. झिर्कोनियम जड पाण्यातला ऑक्सिजन घेतो तेव्हा ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, मोकळा होतो आणि त्यातला थोडा भाग धातूत शिरतो. धातू गरम असताना तो विरघळून राहतो. थंड जागा सापडली की तिकडे सरकतो, साठतो आणि धातूशी जुळून ठिसूळ संयुग, म्हणजे हायड्राइड, बनतो. हायड्राइडला मूळ धातूपेक्षा सुमारे 17 टक्के जास्त जागा लागते, म्हणून तिथे फोड येतो आणि फोडाला तडा जातो.

1 ऑगस्ट 1983 रोजी कॅनडातल्या पिकरिंग केंद्रात हेच घडले. दोन नळ्यांना वेगळे ठेवणाऱ्या गार्टर स्प्रिंग आपल्या जागेवरून सरकल्या होत्या. उष्णता, वजन आणि न्यूट्रॉनचा मारा यांनी प्रेशर ट्यूब वर्षानुवर्षे वाकत गेली आणि बाहेरच्या थंड नळीला टेकली. टेकली तिथे फोड आले आणि ट्यूब सुमारे दोन मीटर लांब फाटली. बाहेरच्या नळीने पाणी पुष्कळसे रोखले, भट्टी सुरक्षित बंद झाली. ती ट्यूब जुन्या झिर्कालॉय-2 ची होती, आणि भारतातल्या पहिल्या भट्ट्यांतही तोच मिश्रधातू होता.

(दृश्य: वाहिनीच्या तोंडाशी बसवलेले तपासणी यंत्र.)

त्यानंतर भाभा अणुसंशोधन केंद्राने बार्सिस हे वाहिनीत शिरणारे तपासणी यंत्र विकसित केले. अल्ट्रासॉनिक लहरी भिंतीची जाडी आणि भेगा सांगतात, एडी करंट, म्हणजे धातूत उठणारे भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह, स्प्रिंग कुठे आहेत ते दाखवतात आणि कल मोजणारे उपकरण नळीचा झोल सांगते. हायड्रोजन मोजायचा तर ट्यूबच्या आतल्या बाजूने धातूची बारीक कपची खरवडतात. आधी ऑक्साइडचा थर काढायचा, मग धातू घ्यायचा. ऑक्साइड राहिला तर त्यातली आर्द्रता आकडा फुगवते. राजस्थानच्या दुसऱ्या भट्टीतल्या आणि कल्पाक्कम, नरोरा इथल्या जुन्या भट्ट्यांतल्या सगळ्या वाहिन्या पुढे बदलल्या गेल्या.

आता दुसरा प्रश्न. भट्टी बंद केली म्हणजे धोका संपला का? नाही. साखळी प्रक्रिया थांबली तरी विखंडनातून तयार झालेली द्रव्ये तापतच राहतात: लगेचच पूर्ण औष्णिक शक्तीच्या सहा-सात टक्के, तासाभराने दीड टक्क्याच्या जवळपास, दिवसानंतर सुमारे अर्धा टक्का. 220 मेगावॅटच्या भट्टीत अर्धा टक्का म्हणजे जवळपास चार मेगावॅट उष्णता, आणि ती सतत काढत राहावी लागते.

31 मार्च 1993 रोजी नरोऱ्यात टर्बाइनची पाती तुटली, हादऱ्यांनी जनित्रातला हायड्रोजन गळला आणि आग लागली. मुख्य आणि आणीबाणीच्या पुरवठ्याच्या केबल एकाच मार्गाने, अडसराशिवाय नेलेल्या होत्या, दोन्ही जळाल्या. सुमारे 17 तास केंद्रात वीज नव्हती. डिझेलवर चालणाऱ्या अग्निशमन पंपांनी वाफनिर्मात्यांत पाणी सोडले आणि भट्टीतले जड पाणी पंपाविना, केवळ तापमानाच्या फरकाने फिरत राहिले. इंधन शाबूत राहिले. केबलचे मार्ग वेगळे ठेवणे ड्रॉइंगवर किरकोळ वाटते. माझ्या मते प्रत्येक डिझाइनच्या वर्गात हा नकाशा दाखवला पाहिजे.

2011 मध्ये फुकुशिमात थंडावा टिकला नाही. खूप तापलेल्या झिर्कोनियमची वाफेशी अभिक्रिया झाली, हायड्रोजन साठला आणि इमारती स्फोटाने उडाल्या. आपल्याला न्यूट्रॉनसाठी प्रिय असलेल्या धातूचीच ही दुसरी बाजू आहे.

वापरलेला बंडल काही वर्षे तलावातल्या पाण्याखाली राहतो. पुनर्प्रक्रियेत युरेनियम आणि प्लुटोनियम काढून घेतले की उरलेला तीव्र किरणोत्सर्गी द्रव बोरोसिलिकेट काचेत गोठवतात. तारापूर आणि तुर्भ्यात (ट्रॉम्बे) हे काम चालते. त्यातल्या सीझियम-137 चे अर्धायुष्य 30 वर्षे आहे, काही द्रव्यांचे हजारो वर्षे. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना उठावे लागले. आपल्या समुद्रकाठच्या माणसांना जमिनीबद्दल, मासेमारीबद्दल पडणारे प्रश्न अभियंत्याने ऐकले पाहिजेत, आणि उत्तर आकड्यांसह दिले पाहिजे.

(दृश्य: काक्रापार केंद्र, दुरून.)

11 मार्च 2016 रोजी काक्रापारच्या पहिल्या भट्टीत एका प्रेशर ट्यूबमधून गळती झाली. ट्यूब नव्या, नायोबियमच्या मिश्रधातूची होती. तपासात ट्यूबच्या बाहेरच्या पृष्ठभागावर, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या बाजूला, गंजाचे डाग सापडले. इतकी वर्षे सगळ्यांचे लक्ष पाणी वाहणाऱ्या आतल्या बाजूवर होते. सर्व 306 वाहिन्या बदलून भट्टी मे 2019 मध्ये पुन्हा सुरू झाली.