गाठीभोवती जमलेल्या पेशी

[पडद्यावर: सूक्ष्मदर्शकाखाली जठराच्या गाठीचा छेद]

गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवलेला हा छेद जठरातल्या एका गाठीचा आहे. गाठ कॅन्सरची आहे, पण कॅन्सरच्या पेशी चटकन सापडत नाहीत. आधी नजरेत भरतात त्या बारीक, गोल, गडद केंद्रकाच्या पेशी, शेकड्यांनी. या लिम्फोसाइट, आपल्याच शरीराच्या लढाऊ पेशी. त्यांच्या गर्दीत मध्येच मोठ्या, बेढब पेशींचे पुंजके दिसतात. कॅन्सर आहे तो हा.

[पडद्यावर: दुसरा छेद, निळे-काळे ठिपके]

आता त्याच गाठीचा दुसरा छेद. यावर 'ईबर' चाचणी केली आहे, पेशीत एपस्टाइन-बार विषाणू असेल तर ती त्याला रंगवून दाखवते. मोठ्या पेशींची केंद्रकं निळी-काळी झाली आहेत, अगदी सगळी. शेजारच्या निरोगी अस्तराला रंग चढलेला नाही. ज्या एका पेशीतून ही गाठ वाढली, तिच्यातच एपस्टाइन-बार विषाणू शिरलेला होता. ती दुभंगत गेली, तसा तोही वाटला गेला.

अँथनी एपस्टाइन, इव्हॉन बार आणि बर्ट अचाँग यांनी १९६४ मध्ये लंडनला हा विषाणू शोधला, तो युगांडातल्या मुलांच्या गाठींमध्ये. जठराच्या कॅन्सरशी त्याचं नातं कळायला १९९० उजाडलं. जगातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या शरीरात तो असतो. लाळेतून लागतो, बहुतेकांना जन्मभर काही करत नाही. त्यामुळे रक्ताच्या रिपोर्टात त्याची खूण दिसली म्हणून कुणी धास्तावू नये. जठराच्या दर शंभर कॅन्सरपैकी आठ-नऊच या विषाणूचे असतात, आणि ते बायकांपेक्षा पुरुषांत जास्त आढळतात.

मग असा कॅन्सर झालेला माणूस किती जगतो?

२०१४ मध्ये आशिया, युरोप आणि लॅटिन अमेरिकेतल्या १३ अभ्यासांची माहिती एकत्र करून तपासली गेली. रुग्ण होते ४,५९९. ज्यांच्या गाठीत विषाणू होता, त्यांच्यातले निम्मे साडेआठ वर्षांहून अधिक जगले. विषाणू नसलेल्यांमध्ये हाच आकडा ५.३ वर्षं निघाला. वय, रोगाची स्टेज वगैरे हिशेबात धरल्यावरही मृत्यूचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी कमीच राहिला.

पण हा गटाचा आकडा आहे, समोर बसलेल्या माणसाचा नव्हे. गाठ जठराच्या भिंतीत किती खोल गेली, लसिका ग्रंथींपर्यंत पोचली का, यकृतात उतरली का, यावरच पहिल्यांदा सगळं ठरतं. विषाणू असलेल्या गाठी ग्रंथींकडे तुलनेनं कमी सरकतात, हे खरं. तरी पसरलेला कॅन्सर हा पसरलेलाच असतो.

[पडद्यावर: पुन्हा लिम्फोसाइटची गर्दी, जवळून]

एकाच विषाणूच्या गाठींमध्येही सगळ्यांचं भवितव्य सारखं नसतं. कोरियातल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये दाखवून दिलं, की गाठीभोवती लढाऊ पेशींचा वेढा जितका दाट, तितका रुग्ण जास्त जगण्याची शक्यता. वेढा विरळ असेल, तर विषाणू असूनही फारसा फायदा दिसत नाही. मला तर या आजारातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. कॅन्सरच्या पेशीत परका विषाणू आहे, म्हणूनच शरीराला ती ओळखू येते.

एवढी फौज दाराशी उभी असून गाठ वाढते कशी? यातल्या अनेक गाठी आपल्या पृष्ठभागावर पीडी-एल-वन नावाचं प्रथिन भरपूर मांडतात. लढाऊ पेशींना त्यातून 'थांबा' असा इशारा मिळतो. तो इशारा तोडणारी औषधं आता आहेत. सोलच्या सॅमसंग मेडिकल सेंटरमध्ये, कॅन्सर पसरलेल्या ६१ रुग्णांना असंच एक औषध, पेम्ब्रोलिझुमॅब, दिलं गेलं. त्यांच्यातल्या सहा जणांच्या गाठीत हा विषाणू होता. त्या सहाही जणांच्या गाठी आक्रसल्या. २०१८ मध्ये हे प्रसिद्ध झालं, तेव्हा साऱ्या जगाचं लक्ष तिकडे वळलं. पुढच्या अभ्यासांत मात्र सगळ्यांनाच असा गुण आला नाही. सहा ही संख्याही लहानच.

तरीही विषाणू आहे की नाही, हे माहीत असायलाच हवं. त्यासाठी पुन्हा दुर्बीण घालावी लागत नाही. बायॉप्सीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो, त्याचाच एक पातळ काप पुरतो. रोग पसरलेला असेल आणि पुढच्या औषधाचा विचार चालू असेल, तर नातेवाइकांनी डॉक्टरांना सरळ विचारावं: ईबर केली का?

[पडद्यावर: दुर्बिणीतून दिसणारं, शस्त्रक्रियेनंतर उरलेलं जठर]

आणि एक गट विसरला जातो. अल्सरसाठी ज्यांचं अर्धं जठर पूर्वी कधी काढलेलं आहे, ती माणसं. उरलेल्या जठरात पुढे कॅन्सर झाला, तर साधारण तीनातल्या एका गाठीत हा विषाणू सापडतो. जुनं ऑपरेशन झालेल्या माणसाची भूक मंदावली, वजन घटू लागलं किंवा शौचाला काळं होऊ लागलं, तर 'तेव्हापासूनचीच तक्रार' म्हणून गोळ्यांवर दिवस काढू नयेत. दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी, आणि ऑपरेशन कोणत्या साली झालं, ते डॉक्टरांना आधीच सांगावं.