लोकरीची गाबोळी

(दृश्य : पहाटेची नदी, पाण्यावरची वाफ)

पाण्यावरून वाफ उठते आहे आणि तिच्या आड मांडीभर पाण्यात मासे धरायला उभी असलेली माणसे अजून नुसत्या सावल्यांसारखी दिसत आहेत. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागातली ही सॅमन रिव्हर. टग हिलच्या पठारावर उगम पावून ती आल्टमार आणि पुलास्की या दोन लहान गावांवरून वाहत ओंटारियो सरोवराला मिळते. आल्टमारच्या वरच्या अंगाला वीजनिर्मितीसाठी बांधलेले धरण आहे, आणि तेथपासून सरोवरापर्यंतचे सुमारे २७ किलोमीटरचे पात्र एवढाच या नदीचा भाग सरोवरातून येणाऱ्या माशांसाठी मोकळा उरला आहे. पहिल्या पावसाच्या लोंढ्याबरोबर ओढ्यांतून आणि शेतांतून वर चढणारे मासे कोकणात ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना चढणीचा मासा म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. येथे मात्र चढण लागते ती पावसाळा सुरू होताना नव्हे, तर झाडांची पाने लाल होऊ लागल्यावर, आणि चढणारा मासा हातभर लांबीचा असतो.

(दृश्य : उथळ पाण्यातील चिनूक, मादीच्या शेपटीचे फटकारे)

आता दिसतो आहे तो चिनूक सॅमन. सप्टेंबरमध्ये तो सरोवरातून नदीत शिरतो आणि ऑक्टोबरमध्ये त्याची वीण भरात येते. मादी आडवी होऊन शेपटीने तळातील खडी उडवते, तिथे एक खळगा तयार होतो, त्यात ती अंडी सोडते, नर त्यांवर आपले वीर्य सोडतो आणि मग मादी थोडे वर सरकून पुन्हा खडी उडवते, म्हणजे ती खडी वाहत येऊन आधीच्या अंड्यांवर पांघरूण घालते. एका मादीच्या पोटात चार-पाच हजार अंडी असतात. सगळी काही खळग्यात राहत नाहीत. कितीतरी अंडी प्रवाहात निसटतात, आणि मागून आलेली दुसरी मादी तीच जागा खणू लागली की आधी पुरलेली अंडीही उघडी पडून वाहू लागतात. चिनूक आयुष्यात एकदाच वितो आणि त्यानंतर मरतो; काठाला लागलेले हे पांढुरके देह त्याचेच आहेत.

(दृश्य : तळहातावरील अंडे)

या ओल्या तळहातावरच्या अंड्याकडे जरा नीट पाहावे. सात-आठ मिलिमीटरचा गोल, शेंदरी रंगाचा, उजेडाकडे धरला तर आरपार दिसणारा, आणि आत तेलाचे बारीक थेंब. आपल्याकडे माशाच्या पोटातून निघालेली गाबोळी तव्यावर जाते, त्यामुळे तिचा एकेक दाणा असा वेगळा काढून पाहण्याची वेळ सहसा येत नाही. हेच अंडे मेले आणि दोन-चार दिवस पाण्यात गडगडत राहिले की त्याची पारदर्शकता जाते, ते दुधी होते, मग फिकट पिवळसर पांढरे दिसू लागते. पुढे जे काही सांगायचे आहे ते सारे या रंगबदलावर उभे आहे, म्हणून कॅमेरा येथे थोडा अधिक वेळ थांबला आहे.

(दृश्य : पाण्याखालील चित्रण, खड्ड्यामागे स्थिर उभा मासा)

चिनूकच्या मागोमाग ऑक्टोबरपासून नदीत येतो तो स्टीलहेड. ही स्वतंत्र जात नव्हे. शास्त्रज्ञ ज्याला ऑन्कोरिंकस मायकिस म्हणतात त्या रेनबो ट्राउटचेच हे प्रवासी रूप आहे. नदीत जन्मायचे, मोठ्या पाण्यात जाऊन वाढायचे आणि विण्यासाठी पुन्हा नदीत यायचे, असा त्याचा क्रम असतो. त्याचे मूळ घर प्रशांत महासागराच्या काठावरचे. उत्तर अमेरिकेच्या पंचमहासरोवरांत तो एकोणिसाव्या शतकात माणसाने आणून सोडला. येथील स्टीलहेड वॉशिंग्टन राज्यातून आणलेल्या वाणाचे आहेत, आणि १९८० मध्ये आल्टमारला सुरू झालेल्या शासकीय मत्स्यबीज केंद्रातून त्यांची पिल्ले दरवर्षी नदीत सोडली जातात. या माशांना समुद्र ठाऊक नाही, त्यांच्यासाठी ओंटारियो सरोवर हाच समुद्र आहे. चिनूकसारखा तो एकदा विऊन मरत नाही. मार्च-एप्रिलमध्ये वीण उरकून तो सरोवरात परत जातो, आणि जगला तर पुढच्या वर्षी पुन्हा येतो.

शरद ऋतूत आलेला स्टीलहेड वीण होईपर्यंत सारा हिवाळा नदीतच काढतो, आणि एवढे दिवस त्याला पोट असते. पडद्यावरचा हा मासा चिनूकच्या खळग्यापासून जेमतेम दोन हात खाली, प्रवाह जिथे मंदावतो तिथे तोंड वर करून उभा आहे. दर थोड्या वेळाने तो किंचित डावीकडे किंवा उजवीकडे सरकतो, तोंडाची पांढरी आतली बाजू क्षणभर चमकते आणि तो पुन्हा जागेवर येतो. प्रत्येक वेळी त्याने एक अंडे टिपलेले असते. वाहून निघालेल्या त्या अंड्यातून पिल्लू निघण्याची आशा मुळातच फारशी नव्हती. स्टीलहेड जे खातो ते नदीने आधीच गमावलेले आहे.

(दृश्य : टेबलावरील चिमटा, लोकरीच्या लडी, कात्री)

आता आपण नदीपासून थोडे दूर, एका स्वयंपाकघरातील टेबलापाशी आलो आहोत. टेबलाच्या कडेला लावलेल्या लहानशा चिमट्यात एक गळ पकडलेला आहे. गळाची दांडी अगदी आखूड, पोट रुंद आणि काटा दाबून बसवलेला, म्हणजे माशाच्या तोंडातून तो सहज सुटावा. शेजारी रंगीत कृत्रिम लोकरीच्या लडी आहेत, शेंदरी, अबोली, फिकट पिवळी, पोपटी आणि दुधी. स्टीलहेडला फसवण्यासाठी हे गृहस्थ गेली कित्येक वर्षे हिवाळ्यातल्या रात्री गळावर अशी लोकरीची अंडी बांधतात.

तीन-चार लडींचे बोटभर तुकडे ते एकत्र जुळवतात, गळाच्या दांडीवर आडवे ठेवतात आणि मधोमध मजबूत दोऱ्याचे दोन वेढे घालून असे आवळतात की बोटांची टोके पांढरी पडतात. दोरा साधा असता तर येथेच तुटला असता. मग लोकर वर उचलून तिच्या बुडाशी आणखी तीन वेढे दिले जातात, त्यामुळे सारे तंतू ताठ उभे राहतात. आता सगळी लोकर एका चिमटीत धरून शक्य तितकी वर ताणायची आणि वाकड्या पात्याच्या धारदार कात्रीने एकाच घावात कापायची. दोन घाव झाले तर गोळा वेडावाकडा होतो. हे दृश्य आम्ही मुद्दाम संथ गतीने दाखवत आहोत. ताण सुटताच तंतू चारी बाजूंना उलगडतात, मागे झुकतात, आणि अर्ध्या क्षणापूर्वी जिथे कापलेल्या लोकरीचा झुपका होता तिथे एक गोल अंडे बसलेले असते.

लोकर किती घ्यायची, याचा अंदाज हाताला यावा लागतो. जास्त झाली तर गोळा दाट होतो, पाण्यात बुडायला वेळ लावतो आणि भिजल्यावरही आरपार दिसत नाही. बेताची घेतली तर तो पाणी शोषून अर्धपारदर्शक होतो, आणि काचेच्या या पेल्यात खरे अंडे व लोकरीचे अंडे शेजारी शेजारी टाकले तेव्हा आमच्या चमूतील दोघांना लगेच बोट ठेवता आले नाही. काही जण गोळ्याच्या पोटात लाल लोकरीचा एक ठिपका ठेवतात, तर काही जण शेंदरी गोळ्यावर पांढऱ्या तंतूंचा विरळ पदर सोडतात, जो पाण्यात अंड्याभोवतीच्या दुधी वलयासारखा दिसतो. लोकरीचा आणखी एक गुण ही माणसे आवर्जून सांगतात. तिचे तंतू माशाच्या बारीक दातांत अडकतात, त्यामुळे फसवणूक कळली तरी मासा ती लगेच थुंकू शकत नाही, आणि तेवढ्या क्षणात हाताला कळते.

फ्लाय फिशिंग, म्हणजे खऱ्या आमिषाऐवजी गळावर बांधलेल्या कृत्रिम माशीने (फ्लायने) मासे धरणे, करणाऱ्यांमध्ये असा एक वर्ग आहे, जो या लोकरीच्या गोळ्याला फ्लाय म्हणायलाच तयार नाही. पंख, पिसे, सोनेरी तार यांनी सजलेली माशी ती खरी, आणि हा गोळा म्हणजे आमिषच, असे त्यांचे म्हणणे असते. हे म्हणणे आम्हाला पटत नाही. पाण्यावर उतरलेल्या किड्याची नक्कल जर कला ठरते, तर तळाशी गडगडणाऱ्या अंड्याची नक्कल कला का ठरू नये? या नदीत, या महिन्यात, हा मासा काय खातो, हे पाहून ज्याने ते हाताने घडवले, त्याने माशी बांधण्याच्या कलेचा मूळ नियमच पाळला आहे. शिवाय याच नदीच्या इतर भागांत खरी गाबोळी जाळीच्या पुरचुंडीत बांधून गळाला लावतात, आणि ती गाबोळी मिळण्यासाठी एका मादीचे पोट फाडावे लागते. आल्टमारजवळ केवळ फ्लाय फिशिंगसाठी राखलेल्या पट्ट्यात मात्र खरे आमिष चालत नाही आणि धरलेला प्रत्येक मासा परत सोडावा लागतो. येथे अंडे लावायचे तर ते लोकरीचेच.

(दृश्य : नदी, काठीच्या कड्यांवरील बर्फ)

पुन्हा नदीवर. दहा फुटांची काठी, तिच्यावर फ्लाय लाइन म्हणजे फेकीला वजन देणारी जाड दोरी, पुढे बारीक पारदर्शक धागा, त्यावर एक तरंगता बोया, गळापासून साधारण हातभर वर शिशाचे दोन दाणे आणि टोकाला ते अंडे. थंडी इतकी, की ओली लाइन कड्यांतून ओढली जाताना पाणी तिथेच गोठते आणि दर काही फेकींनंतर ते अंगठ्याच्या नखाने खरवडून काढावे लागते. पायांत खिळ्यांच्या तळव्याचे बूट आहेत, कारण या नदीचे गोटे शेवाळाने विलक्षण निसरडे झालेले असतात.

अंडे पोहत नाही, हे एक वाक्य लक्षात ठेवले तर पुढचे सगळे समजते. ते तळाच्या पाण्याच्या गतीने, अधूनमधून खडीला टेकत वाहते. पण नदी वर वेगाने धावते आणि तळाशी रेंगाळते, त्यामुळे पृष्ठभागावरची लाइन आणि बोया अंड्याच्या पुढे पळतात, त्याला ओढू लागतात, आणि ओढले जाणारे अंडे स्टीलहेडने आयुष्यात पाहिलेले नसते. म्हणून हे गृहस्थ फेक टाकल्याबरोबर मनगटाच्या एका हलक्या वळशाने लाइन उचलून पुन्हा प्रवाहाच्या वरच्या बाजूला ठेवतात. आता बोया आजूबाजूच्या फेसापेक्षा किंचित हळू वाहतो आहे. याचा अर्थ अंडे तळाशी पोचले आहे. पाणी नितळ आणि उथळ असेल तर ते खऱ्या अंड्यापेक्षाही लहान, दुधी अंडे लावतात. धरणातून पाणी सोडले आणि नदी गढूळ होऊन चढली, तर मोठे आणि भडक शेंदरी किंवा पोपटी. वसंतात सकर जातीचे मासे विऊ लागले की त्यांच्या बारीक पिवळसर अंड्यांसारखी अंडी बांधावी लागतात. म्हणजे डबी तीच राहते, पण तिच्यातले रंग नदीच्या पंचांगाप्रमाणे पालटत जातात.

(दृश्य : बोया थांबतो, निवेदन थांबते, मासा पाण्याबाहेर)

हा मासा सुमारे चार किलोंचा होता. हातजाळीत तो पाण्यातच ठेवलेला आहे. जबड्याच्या कोपऱ्यात शेंदरी ठिपका दिसतो, तोच गळ. चिमट्याने एकदा फिरवताच तो सुटतो. त्यानंतर शेपटीच्या बुडाशी एक हात आणि पोटाखाली दुसरा हात ठेवून, तोंड प्रवाहाकडे करून, त्याने स्वतःहून शेपटी मारेपर्यंत वाट पाहिली जाते.

याच नदीत १९९५ पर्यंत उघडे गळ ओढून चिनूकच्या अंगात रुतवण्याची पद्धत कायद्याने चालत असे. २०१४ च्या अखेरीस येथे अनेक स्टीलहेड भोवंडून मेले, तेव्हा सरोवरातील अलेवाइफ हा मासा फार खाल्ल्यामुळे त्यांच्या शरीरात ब-१ जीवनसत्त्व कमी पडल्याचे आढळले. नदीत उतरणाऱ्यांची गर्दी आणि खळग्यांवर पडणारे पाय हाही प्रश्न आहेच, आणि म्हणून जाणते लोक स्वच्छ खडीच्या फिकट पट्ट्यावर पाऊल ठेवत नाहीत आणि वीत असलेल्या जोडीवर गळ टाकत नाहीत.

(दृश्य : दुपार, काठावरील माणूस, उघडी डबी)

पहाटेपासून लावलेले अंडे आता पिंजून गेले आहे. तंतू सुटले आहेत, एका बाजूला दोरा दिसतो आहे. गृहस्थ ते कापून खिशात ठेवतात, कारण लोकर पाण्यात टाकायची नसते. ढग दाटून आले आहेत, पाणी सकाळपेक्षा बोटभर चढले आहे आणि त्याचा रंग चहासारखा होतो आहे. ते डबी उघडतात, दुधी अंड्यांच्या ओळीवरून बोट पुढे नेतात, आणि शेंदरी रंगातले एक मोठे अंडे उचलून, दातांत धागा धरून गाठ बांधू लागतात.