बर्फातली काजळी

(बर्फाचा कडा, अगदी जवळून. फक्त पाणी ठिबकल्याचा आवाज. संगीत नको.)

बर्फ पांढरा असतो असं आपण धरून चालतो. हा बघा. यात काळ्या रेघा आहेत. ही ज्वालामुखीची राख.

आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्यावरची ही सोल्हेमायोकुल हिमनदी. मिर्दाल्सयोकुल नावाच्या भल्यामोठ्या हिमटोपीची ही एक जीभ, आणि त्या टोपीखाली आहे काट्ला ज्वालामुखी. त्याचा शेवटचा मोठा उद्रेक 1918 चा.

समोरचं तळं वीस वर्षांपूर्वी नव्हतं, तिथे बर्फच होता. 2010 पासून इथल्या एका शाळेची सातवीतली मुलं दर शरद ऋतूत येतात आणि वर्षभरात हिमनदी किती मीटर मागे सरली ते मोजतात.

(आकड्यांची पाटी. सगळे आकडे वाचून होईपर्यंत कॅमेरा हलवू नये.)

आता गाडी समुद्राच्या दिशेने. रेनिस्फ्यारा हा काळ्या वाळूचा किनारा साधारण 35 किलोमीटर, म्हणजे जेमतेम अर्धा तास. पण हा सपाट काळा पट्टा आला कुठून, ते बघायला थांबायला हवं. बर्फाखाली उद्रेक झाला की वरचा बर्फ वितळतो. पाणी आत कोंडतं, आणि मग धरण फुटावं तसा लोंढा बाहेर पडतो. दगड, राख, घराएवढे हिमखंड, सगळं घेऊन तो समुद्राकडे धावतो आणि वाटेत टाकत जातो. त्या टाकलेल्या गाळावरूनच आपण चाललोय. 1999 च्या जुलैत या हिमनदीखालून असाच एक लहानसा लोंढा आला होता. देशाला वळसा घालणारा हा एक नंबरचा रस्ता 1974 पर्यंत अपुरा होता, तोही पूर्वेकडच्या अशाच एका पट्ट्यामुळे. तिथल्या नद्यांवर पूल टिकवायचे कसे, हाच प्रश्न होता.

पुलाखालची ही नदी. हिचं जुनं नाव फूलिलाइकुर, म्हणजे घाण वासाचा ओढा. ज्वालामुखीचा गंधक पाण्यात उतरतो. सडक्या अंड्याचा तो वास कॅमेऱ्यात येत नाही, हे तुमचं नशीब.

(रेनिस्फ्यारा. खांबांची भिंत, खालून वर.)

लाव्हा सावकाश निवला की आकसतो, आकसताना तडकतो, आणि तडे बहुतेक षटकोनी पडतात. त्यातून हे खांब. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिलेल्यांना ते ओळखीचे वाटतील. तोही बेसॉल्टच, फक्त आपला साडेसहा कोटी वर्षांचा. इथला खडक त्यापुढे तान्हा.

पाण्यातले ते सुळके म्हणजे जहाज ओढून नेताना उजाडलं म्हणून दगड झालेले राक्षस, असं इथली लोककथा सांगते.

इथल्या लाटा अचानक लांबवर आत येतात. माणसं वाहून गेली आहेत, म्हणून हा इशाऱ्याचा दिवा.

(तळहातावर काळी वाळू. हात झटकेपर्यंत शॉट चालू ठेवावा. मागे लाटेचा आवाज.)